गुलाबी कागदाआडचा दिवा

"फोटो काढायचा नाहीये ताई, फोनवर डॉक्टरांना पेशंट दाखवायचाय," दवाखान्यातल्या सिस्टर तिला म्हणाल्या होत्या. "खिडकीशी बसवा. दिवे-बिवे लावायला जाऊ नका. आणि बाह्या वर करायला सांगा."

तिने मान डोलावली, पण मनावर घेतलं नाही. उलट दवाखान्याच्या पायऱ्या उतरताना तिला जरा हसूच आलं. ज्या माणसाने चाळीस वर्षं उजेडावर संसार चालवला, त्याच्या लेकीला कुठे बसवायचं आणि कुठला दिवा लावायचा हे शिकवायचं म्हणजे माशाच्या पिल्लाला पोहायला शिकवण्यातला प्रकार. सिस्टर माणूस सोन्यासारख्या, अख्ख्या गावाचे दंड त्यांच्या सुईला ओळखत होते. पण प्रत्येक गोष्टीत दोन वाक्यं जास्तीची बोलायची त्यांची सवयच होती. त्यातलीच ही, असं धरून ती घरी आली.

घर म्हणजे पुढे स्टुडिओ आणि मागे राहायच्या तीन खोल्या. तिचे बाबा गावात 'फोटोवाले' म्हणूनच ओळखले जात. त्यांचं खरं नाव पोस्टमनलाही आठवावं लागायचं. मागच्या थंडीत त्यांना कावीळ झाली, ती साधी नव्हती. पित्ताच्या नळीच्या तोंडाशी गाठ निघाली. नऊ तासांच्या अंतरावरच्या मोठ्या हॉस्पिटलात नेलं, तिथे त्यांनी आतून एक बारीक प्लास्टिकची नळी बसवली, म्हणजे पित्त वाहतं राहील, आणि गाठीवर गोळ्या सुरू केल्या. तेव्हापासून ती चार वर्षांच्या छोटीला घेऊन माहेरी आली होती. पंधरा दिवसांसाठी म्हणून आली आणि छोटीचं नाव इथल्या बालवाडीत घालून बसली. नवऱ्याची नोकरी फिरतीची, त्यामुळे त्याने फारसं काही म्हटलं नाही. म्हणाला, "तू तिकडे असलीस की मला दोन ठिकाणची काळजी नाही, एकाच ठिकाणची."

दुसऱ्यांदा हॉस्पिटलला गेले तेव्हा बाबांना बसमध्ये तीनदा उलटी झाली. दीड दिवस प्लास्टिकच्या खुर्चीवर काढल्यावर आत नंबर लागला, आणि भेट झाली सात मिनिटांची. डॉक्टरीणबाई तरुण होत्या, केस वर बांधलेल्या, बोलायला साध्या. त्यांनीच वर बघून म्हटलं, "काका, गोळ्या द्यायला मी तुम्हाला अठरा तास का फिरवतेय? रक्त तुमच्या गावात तपासता येतं. गोळ्या घरपोच येतील. दर एका बुधवाराआड अकरा वाजता मी तुमच्या मुलीच्या फोनवर दिसेन. नळी बदलायची वेळ आली तरच प्रत्यक्ष भेटू."

परतीच्या बसमध्ये बाबा खिडकीशी बसून गुणगुणत होते. आई गेल्यापासून तिने त्यांना गुणगुणताना ऐकलं नव्हतं.

पहिल्या बुधवारी तिने फोन स्वयंपाकघरातल्या टेबलावर, डब्याला टेकवून ठेवला. बाबा दाढी करून आले आणि दारातच थबकले.

"इथे?"

"का? खिडकी आहे की."

"डॉक्टरीणबाई काय म्हणतील? फोटोवाल्याच्या घरी बसायला जागा नाही? मागे भांडी घासायला ठेवलीयेस ती पण दिसतील." त्यांनी फोन उचलला. "चल पुढे. आणि माझा कोट बघ."

'माझा कोट' म्हणजे खरं तर अख्ख्या गावाचा कोट. ओळखपत्राच्या फोटोला कुणी साध्या शर्टात आलं की बाबा खुंटीवरचा काळा कोट त्याच्या अंगावर चढवत. नोकरीला लागलेली निम्मी मंडळी याच कोटात साहेब झाली होती. लहानाला तो पाठीमागे चिमट्याने आवळायचा, मोठ्याच्या पाठीवर तो उघडाच ठेवायचा, पुढून काही कळत नसे. आता तो बाबांनाच पाठीमागे चिमटा लावून घालावा लागला. तिने चिमटा लावला आणि हात पटकन काढून घेतला. खांद्याची हाडं लागली होती.

स्टुडिओत सगळं जागच्या जागी होतं. फिरतं स्टूल, आरशाखालचा कंगवा आणि पावडरचा डबा, आणि भिंतभर तो रंगवलेला पडदा. पडद्यावर एक बाग, एक तळं, आणि कुठेच न जाणारा एक जिना. लहानपणी ती त्या जिन्यावर चढायचा खूप प्रयत्न करायची. मोबाईल आल्यापासून पडद्यापुढे कुणी बसत नव्हतं, लोक फक्त पांढऱ्या कापडापुढे ओळखपत्रापुरते बसून जात. पण बाबांनी दोन्ही उंच दिव्यांवरची धूळ पुसली, फोन रबरबँडने कॅमेऱ्याच्या तिकाटण्यावर बांधला, बटण दाबलं, आणि दिवे तापायला लागले तसा तो वास आला. तापलेल्या धुळीचा, किंचित करपलेला वास. एका श्वासात ती सात वर्षांची झाली.

"मिचमिची," बाबा म्हणाले, "चांदी धर."

प्रत्येक फोटोत डोळे मिटायची म्हणून तिचं नाव मिचमिची. आणि चांदी म्हणजे पुठ्ठ्यावर चिकटवलेला चकचकीत कागद. गिऱ्हाइकाच्या हनुवटीखाली तो धरला की दिव्याचा उजेड उलटा चेहऱ्यावर जायचा आणि डोळ्यांखालचे खड्डे भरून यायचे. शाळा सुटली की ती दप्तर फेकून चांदी धरायला बसायची. बाबा कॅमेऱ्यामागून सांगायचे, "खाली... अजून खाली... हं, आता आली डोळ्यात." मग गिऱ्हाइकाला म्हणायचे, "हसू नका हं. अजिबात हसायचं नाही." आणि माणूस हसायचाच. हसा म्हटलं की माणूस दात दाखवतो आणि हसू नका म्हटलं की हसतो, हे बाबांनी कुठल्या पुस्तकात वाचलेलं नव्हतं.

दुपारी ते खिडकीपाशी, तिरक्या काचेच्या मेजावर निगेटिव्ह ठेवून बसत. सुईसारखं टोक केलेल्या पेन्सिली असायच्या, चष्म्यावर भिंग असायचं. एकेक ठिपका देत ते माणसांच्या चेहऱ्यावरचे डाग, व्रण, सुरकुत्या भरून काढत. एकदा शाळेतल्या शिवणाच्या बाई फोटो न्यायला आल्या. त्यांच्या गालांवर देवीचे खोल व्रण होते. फोटोकडे त्या कितीतरी वेळ बघत राहिल्या आणि मग म्हणाल्या, "ही माझी बहीण वाटते हो." म्हणाल्या आणि सहा प्रती सांगून गेल्या. त्या गेल्यावर तिने विचारलं होतं, "बाबा, हे खोटं नाही का?" बाबा भिंग काढून म्हणाले होते, "फोटो म्हणजे माणसाचा बरा दिवस. वाईट दिवस आरशात दिसतातच की."

अकरा वाजता डॉक्टरीणबाई फोनवर आल्या आणि आधी हसल्याच.

"काका! काय हे, कोट वगैरे?"

"तुमच्यासाठी."

"कुणी पेशंट माझ्यासाठी इतकं नटत नाही. बरं, सांगा. खाज?"

"नाही."

"लघवी गडद?"

"पाण्यासारखी."

"थंडी वाजून ताप?"

"छे."

"भूक?"

"घोड्याला लाजवीन."

"तुमच्याकडे बघून मलाच बरं वाटायला लागलंय," बाई म्हणाल्या. मग त्यांनी लेकीला बोलावून एकेक गोष्ट नीट सांगितली. नळी कधीतरी गाळाने तुंबते. डोळे पिवळे दिसले, अंगाला खाज सुटली, लघवी चहासारखी झाली, हुडहुडी भरली, तर बुधवारची वाट बघायची नाही. लेकीने सगळं वहीत लिहून घेतलं. ती अशीच होती. छोटीच्या तापाची वही, खोकल्याची वही, कुठल्या दिवशी काय खाल्लं त्याची वही. शेजारच्या काकू म्हणायच्या, "तुझ्या मुलीला शिंक आली तरी तू तिची जन्मतारीख लिहून ठेवशील."

पहिले दोन बुधवार जे दिसलं ते खरं होतं. बाबांचं वजन वाढत होतं, जेवण जात होतं. तिसऱ्या बुधवारी त्यांनी डाव्या दिव्यावर गुलाबी कागद लावला.

"हा कशाला?"

"डोळ्यात जातो गं नुसता दिवा. म्हातारे डोळे आहेत."

चौथ्या बुधवारी त्यांनी आरशाखालचा डबा उघडून पावडर लावली. ती म्हणाली, "लग्नाला निघालात का?" ते म्हणाले, "मुलगी मला बघायला येणारे, जरा नीट नको दिसायला?" दोघंही हसले. सिस्टर तेव्हा स्वतःच्या मुलीच्या बाळंतपणासाठी महिनाभर रजेवर होत्या, आणि रक्त तपासायची तारीख नऊ दिवसांवर होती. दवाखान्याची पायरी चढायचं काही कारणच नव्हतं.

खुणा नव्हत्या असं नाही. बाबा उकाड्यातही लांब बाह्यांचा शर्ट घालायला लागले होते. मेजावरच्या फूटपट्टीने ते पाठ खाजवताना दिसायचे. संडासातून बाहेर पडायच्या आधी दोनदा पाणी टाकल्याचा आवाज यायचा. तिच्या कानांवर, डोळ्यांवर हे सगळं येत होतं आणि जात होतं. कारण तेव्हा छोटीला बालवाडीतून खोकला आला होता. छोटी झोपली तरी ती तिच्या नाकाखाली बोट धरून श्वास बघत होती. बाबा मोठे होते. त्यांना काही झालं तर ते सांगतील, एवढं तिने गृहीत धरलं होतं.

आणि खरं सांगायचं तर, तिला ते बुधवार आवडायला लागले होते. स्टुडिओतले वर्षानुवर्षं बंद असलेले उंच दिवे लागायचे, धुळीचा वास यायचा, बाबा म्हणायचे "खाली, अजून खाली", आणि ती गुडघ्यांवर बसून चांदी धरायची. त्या अर्ध्या तासात ती कुणाची आई नव्हती. आजारपणातून बाबांनी तिला तिचं लहानपण परत काढून दिलं, असं तिने नवऱ्याला फोनवर सांगितलंसुद्धा. सांगताना तिचे डोळे भरून आले होते.

चौथ्या बुधवारच्या दुसऱ्या दिवशी छोटीने दुधाचा पेला ओळखपत्राच्या पांढऱ्या कापडावर सांडला. आजोबांनी तिला काही म्हटलं नाही. कापड काढून मागच्या अंगणातल्या नळाखाली धुतलं, पिळलं आणि दोरीवर वाळत घातलं. सकाळचं सरळ ऊन होतं. ती छोटीची वेणी घालत दारात बसली होती. तिने सहज वर बघितलं.

बाबा त्या पांढऱ्या कापडापुढे उभे होते. पांढऱ्याशेजारी त्यांचा चेहरा होता. ओल्या बाह्या कोपरापर्यंत वर सरकलेल्या, आणि दोन्ही हातांवर नखांनी ओढलेल्या लांब लाल रेघा.

छोटीची वेणी तिच्या हातातून सुटली. ती उठली, अंगणात गेली, आणि काही न बोलता तिने बाबांच्या नाकाचा शेंडा बोटाने दाबला.

"काय गं, दारावरची बेल आहे का ही?" बाबा म्हणाले.

छोटी तीन दिवसांची असताना तिला कावीळ झाली होती, तेव्हा एका नर्सने हे शिकवलं होतं. उजेडात नेऊन नाक दाबायचं, बोट उचललं की खालचा खरा रंग दिसतो. तिने बोट उचललं. मग बाबांची खालची पापणी ओढली. डोळ्यातलं पांढरं उन्हात पडून राहिलेल्या वर्तमानपत्रासारखं झालं होतं.

"कधीपासून?"

"काय कधीपासून?"

"बाबा."

"झाले असतील पंधरा-सोळा दिवस."

"म्हणजे काल..."

"काल बरा आला ना पण?" ते हसायला बघत होते. "बाई म्हणाल्या की, तब्येत छान दिसते."

"मी चांदी धरली होती बाबा. माझ्या हातांनी धरली."

ते पालथ्या बादलीवर बसले, ओले हात मांड्यांवर ठेवून. एवढ्या उन्हात त्यांचे दात वाजत होते, हे तिला आत्ता दिसलं.

"तुझी आई हॉस्पिटलात आपल्या पायांनी चालत गेली होती," ते म्हणाले. "पिशवी स्वतः उचलून. मला उचलू देईना. चौथ्या दिवशी म्हणाली, तुम्ही चहा पिऊन या, तोंड सुकलंय तुमचं. मी खाली गेलो. पंधरा मिनिटं, वीस असतील. वर आलो तर गादीवर नवी चादर. घडीसुद्धा मोडलेली नाही. मला वाटलं मजला चुकला. मी खालच्या मजल्यावर जाऊन तिला शोधून आलो."

आई गेली तेव्हा ती कॉलेजच्या परीक्षेला होती. बाबांनी तिला फक्त 'शांतपणे गेली' एवढं सांगितलं होतं. बारा वर्षं तिने तेवढंच धरून ठेवलं होतं.

"डोळे पिवळे दिसले की बाई म्हणणार, या," बाबा म्हणाले. "आणि मी गेलो की तू या पोरीला सांगणार, आजोबा गावाला गेलेत."

"आणि इथे बसून पिवळे होत राहिलात की काय सांगणार मी तिला?" तिचा आवाज असा चढला की छोटी दारातच रडायला लागली. "तुम्हाला काय वाटलं, दिवा लावला की नळी उघडते?"

मग तिने छोटीला कडेवर घेतलं, छोटीचंच थर्मामीटर बाबांच्या तोंडात दिलं. एकशे एक पॉइंट चार.

सिस्टर त्याच सकाळी रजेवरून आल्या होत्या. निरोप पोचताच दहा मिनिटांत त्यांची स्कूटर दारात लागली. त्यांनी बाबांकडे एकदा नीट पाहिलं.

"फोटोवाले, हा रंग कुठल्या दुकानातून आणलात?"

"जुना स्टॉक होता," बाबा पुटपुटले.

सिस्टर फोन आणायला स्टुडिओत गेल्या. तिकाटणं, कोट, आणि दिव्यावरचा गुलाबी कागद त्यांनी पाहिला. परत आल्या तेव्हा 'मी काय सांगितलं होतं' असं त्या म्हणतील म्हणून ती मान खाली घालून उभी राहिली. सिस्टर तसं काहीच म्हणाल्या नाहीत. ते म्हटलं असतं तर बरं झालं असतं, असं तिला फार दिवस वाटत राहिलं.

बुधवार नव्हता. पण हॉस्पिटलच्या कागदाच्या तळाशी एक नंबर होता, अडचणीच्या वेळेसाठीचा. घरातल्यांनी तो कधी लावलाच नव्हता. आपल्यासारख्यांनी उगाच कुणाला त्रास द्यायचा नाही, असं धरून. सिस्टरनी तो लावला. आधी एक मदतनीस बोलली, मग वीस मिनिटांत स्वतः डॉक्टरीणबाई दिसल्या. कुठल्याशा बोळात उभ्या, मास्क हनुवटीवर.

"काका, वर बघा. खालची पापणी ओढा. दुसरी. हात उलटे करा." त्यांनी फोन डोळ्यांजवळ धरला. "आज कोट कुठे गेला?"

"इस्त्रीला," बाबा म्हणाले.

बाई हसल्या नाहीत. "नळी तुंबलीय. त्यात तुमचा काही दोष नाही, ती तुंबतेच. पण ताप आलाय, म्हणजे आत संसर्ग झालाय. ती आजच बदलायला हवी. आज म्हणजे आज."

बाबांनी लेकीकडे पाहिलं नाही. "येतो," ते म्हणाले. "बस किती वाजता असते गं?"

"कुठे येता?" बाई म्हणाल्या. "या अवस्थेत नऊ तास? तुमच्यापासून दोन तासांवरच्या शहरात नळी बदलणारे डॉक्टर आहेत. मी त्यांना आत्ता फोन करते, सगळे रिपोर्ट पाठवते. सिस्टर, मी सांगते ती अँटिबायोटिक लगेच शिरेतून सुरू करा आणि ॲम्ब्युलन्स बोलवा. सगळं नीट झालं तर काका, दोन-तीन रात्रींत घरी याल."

"दोन तास?" बाबांनी विचारलं.

"दोन. आणि पंधरा दिवसांपूर्वी सांगितलं असतं तर तापही आला नसता." मग त्यांचा आवाज उतरला. "पण मीही तुम्हाला दिव्यातून उठून खिडकीत या म्हटलं नाही. मला वाटलं, मी बघतेय."

छोटीला सिस्टरनी ठेवून घेतलं. जन्मल्यापासून ती पहिल्यांदाच आईशिवाय रात्री दुसरीकडे राहणार होती. एरवी तिच्या आईने चार पानं सूचना लिहून दिल्या असत्या. त्या दिवशी तिने फक्त खोकल्याची बाटली हातात दिली आणि ॲम्ब्युलन्समध्ये चढली.

तिथलं हॉस्पिटल लहान होतं. वॉर्डात आठ खाटा, टोकाला एक उंच खिडकी. दुपारी चारला बाबांना नळीसाठी न्यायला माणूस आला. स्ट्रेचरवर सरकताना त्यांनी तिचं मनगट धरलं. हात तापाने कढत होता.

"चहाला जाऊ नकोस," ते म्हणाले.

"नाही जात."

"तुझं तोंड सुकलंय."

"सुकू दे."

त्यांना नेलं आणि ती रिकाम्या खाटेशेजारी उभी राहिली. सव्वा तास झाला. मध्ये एक आया आली, खांद्यावर धुतलेल्या कपड्यांचा गठ्ठा. तिने खाटेकडे हात केला. लेक पुढे झाली. "ही राहू दे, मावशी. पेशंट परत येणारे."

"अगं, घामाने ओली झालीय. बदलते की."

"ओलीच राहू दे."

मावशीने तिच्या तोंडाकडे बघितलं. काय समजली कोण जाणे, पण म्हणाली, "बरं बाई, तुझ्या बापाची चादर," आणि पुढच्या खाटेकडे गेली.

लेक चादरीचा कोपरा मुठीत धरून उभी होती. आपण मूर्खासारखं वागतोय हे कॉलेज शिकलेल्या तिला कळत होतं. चादरीने कुणी जगत नाही, हेही कळत होतं. तरी तिने तो कोपरा सोडला नाही. चाकांचा आवाज आला तेव्हा तिला आधी बघवेना. मग स्ट्रेचरवरून गुंगीतला, चिकट, ओळखीचा आवाज आला, "मिचमिची, डोळे उघड."

त्यांना त्याच चुरगळलेल्या, ओल्या चादरीवर निजवलं. बाबांनी ती हाताने चाचपून पाहिली, दोनदा, आणि मग झोपले.

चौथ्या दिवशी ते घरी आले. रंग उतरायला आठवडा गेला. पुढच्या बुधवारी अकराच्या आधीच ते खुर्ची घेऊन मागच्या अंगणात जाऊन बसले, बनियनवर. डॉक्टरीणबाईंनी विचारायच्या आतच म्हणाले, "लिहून घ्या. परवा रात्री एकदा उलटी. वजन अर्धा किलो उतरलंय. तळपाय जळतात. आणि मन जरा खाली आहे, ते कशात लिहिता तुम्ही?"

"त्याला पण रकाना आहे," बाई म्हणाल्या. "सांगा."

त्या दिवशी भेट पंचवीस मिनिटं चालली. ती दाराच्या चौकटीला टेकून ऐकत होती. बाबा आईबद्दल बोलत होते, नऊ तासांवरच्या एका जवळजवळ अनोळखी बाईशी, आणि ती बाई मध्ये काही न बोलता ऐकत होती. बारा वर्षांत जे लेकीला सांगता आलं नाही, ते त्या एवढ्याशा काचेतून सांगता येत होतं. तिला जरा लागलं. मग बरंही वाटलं.

त्यानंतर बाबा एक वर्ष आणि चार महिने होते. नळी आणखी दोनदा बदलली, दोन्ही वेळा तापाच्या आधीच. गावातले आणखी दोघं पेशंट त्याच डॉक्टरीणबाईंकडे होते: एक बेकरीतली बाई आणि एक निवृत्त बसवाले. त्यांच्याकडे चांगला फोन नव्हता, म्हणून तेही बुधवारी येऊ लागले. बाबा त्यांना अंगणात बसवत, बाह्या वर करायला लावत आणि दम देत, "आता बाईंसमोर 'ठीक आहे' म्हणालात तर उठवून देईन." बसवाले कुरकुरत, "तिकीट तरी द्या." असा सगळा अंगणभर गोंधळ चालायचा, आणि छोटी खुर्च्यांमधून धावत असायची.

बाबा घरीच गेले, एका दुपारी, हात तिच्या हातात असताना. स्टुडिओ तिने अजून मोडलेला नाही. कधीतरी ती एकटीच जाऊन दिवा लावते आणि धूळ तापेपर्यंत थांबते. त्या चार बुधवारांची आठवण अजून गोडच येते, हे तिला स्वतःलाच पटत नाही. पण येते.

हे सगळं कुणाला सांगितलं की ती शेवटी एक मागणं मागते. तेच ती वाचणाऱ्यांकडेही मागतेय. तुमच्या ओळखीत एक तरी माणूस असेल. आई असेल, मामा असतील, एकटी राहणारी मावशी असेल. फोनवर 'मी एकदम ठणठणीत' म्हणणारा, लगेच तुमचीच चौकशी करणारा आणि 'बिल उठतंय, ठेव आता' म्हणून फोन ठेवणारा. त्याच्याकडे या आठवड्यात जाऊन या. जमलं तर सकाळी जा. कसे आहात विचाराल, ते ठणठणीत म्हणतील. तेव्हा उठू नका, जरा बसा.